साडेचार हजारांत बाबांचा कॉम्प्युटर

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळा झाला, भांडी झाली आणि मग बाबांच्या टेबलाखालचा कॉम्प्युटर निघाला. २०१४ सालचा. आय थ्री प्रोसेसर, चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, तेव्हा बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेला. त्यावर आमच्या घराण्याचा सगळा कुलवृत्तांत आहे, ग्वाल्हेर-देवास-धारकडच्या नातेवाईकांना फोन करकरून जमवलेला, आणि तो सगळा श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला आहे. म्हणजे मशीन बदलून फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या की झालं, असं नाहीये, बाबांचा तो सेटअप, तो कीबोर्ड, बोटांना बसलेली सवय, हे सगळं त्या खोक्यात आहे.

आणि ते खोकं इतकं स्लो झालं होतं की बाबा ते बंदच करत नव्हते. रात्रीही चालू. का, तर बंद केलं की सकाळी सुरू व्हायला चार-साडेचार मिनिटं, आणि त्यानंतर वर्ड उघडायला अजून दोन. मी घड्याळ लावून बघितलं होतं. आई तेवढ्यात पोहे भिजवून, वाफवून, वर शेव-जीरावन घालून प्लेट आणून द्यायची तरी निळा गोल फिरतच असायचा.

आधी एका दुकानात दाखवलं. त्याने उघडूनही बघितलं नाही. "दीदी, इसको भंगार में दो, नया ले लो, पैंतीस में बढ़िया बैठ जाएगा." पस्तीस हजार. मला राग आला तो किमतीचा नाही, न बघता सांगितल्याचा आला. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशन सांगावं तसं झालं ते. माझं बजेट होतं पाच हजार, त्याच्या वर एक रुपया नाही कारण दिवाळीत बाकीचे खर्च असतातच.

मग मी स्वतःच बसले. जे कोणी जुनं मशीन अपग्रेड करायला निघालेत त्यांना हात जोडून सांगते, पैसे काढायच्या आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि तुमचं नेहमीचं काम करत दहा मिनिटं नुसतं बघत बसा. आमच्याकडे सीपीयू २०-३० टक्क्यांवर निवांत, रॅम ८५ च्या पुढे, आणि डिस्क १००%. सतत. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता! जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते आणि एक सुईसारखं हेड त्यावर इकडून तिकडे पळत डेटा शोधतं, प्रत्येक शोधाला साधारण १० मिलीसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक बारीक फाइली वाचते. एसएसडी म्हणजे नुसत्या चिपांची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाहीच, त्यामुळे तेच काम मिलीसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. खरा फरक इथे आहे, दुकानदार "पाचशे एमबी की स्पीड" म्हणतात तो मोठी फाइल कॉपी करताना दिसतो.

त्यात क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं तर डिस्कच्या नावापुढे पिवळं कॉशन. काही सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे कप्पे, खराब होऊन डिस्कने ते बाजूला टाकायला सुरुवात केली होती. पोटात गोळा आला. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांची एक्स्टर्नल हार्ड डिस्क मागून आणली आणि आधी कुलवृत्तांत, मग फोटो, असं सगळं कॉपी केलं. ते झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही.

मग खरेदी. एसएसडी घ्यायची हे पक्कं होतं, २४० जीबीची स्वस्त पडत होती पण जुनी डिस्क आता भरवशाची नाही म्हटल्यावर सगळं एकाच जागी मावायला हवं, म्हणून ४८० ची घेतली, २,९०० ला. रॅमच्या बाबतीत मात्र फसले. ऑनलाइन एका ठिकाणी ४ जीबी डीडीआर थ्री खूप स्वस्त दिसली, ऑर्डर केली, लावली तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. काढली, खोडरबरने पिन घासल्या, परत लावली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तेच. शेवटी खिडकीशी नेऊन स्टिकर वाचलं तर अगदी बारीक अक्षरात "ओन्ली फॉर एएमडी". अशा रॅम बाजारात असतात, त्यातल्या चिपांची रचना अशी असते की इंटेलच्या बोर्डाला त्या वाचताच येत नाहीत, आणि विकणारा ते मोठ्या अक्षरात लिहीत नाही. परत केली, पैसे मिळाले, पण चार दिवस गेले. तर डीडीआर थ्री घेताना "इंटेलवर चालेल का" हे विचारूनच घ्या. आणि डीडीआर फोर स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, तिची खाच वेगळ्या जागी असते, जुन्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

दुसऱ्यांदा मी रिस्क घेतली नाही. आख्खा कॅबिनेट चादरीत गुंडाळून स्कूटीवर पायाशी ठेवला आणि इथे इंदुरातच, राजेंद्रनगरहून थेट आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेले. तिथे वरच्या मजल्यावर एका छोट्या गाळ्यात बसलेल्या मुलाला म्हटलं, आधी लावून दाखव मग पैसे. त्याने शांतपणे तीन सेकंडहँड स्टिक लावून बघितल्या, जुनीसारखीच १६०० मेगाहर्ट्झची, १.५ व्होल्टची एक जुळली, ६०० रुपये. दोन स्लॉटमध्ये सारख्या दोन असल्या की ड्युअल चॅनलमध्ये चालतात, त्याचाही थोडा फायदा होतो. त्यानेच विचारलं, आय फाइव्ह प्रोसेसर टाकून देऊ का, दीड हजारात आहे. मन झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण सीपीयू ३० टक्क्यांवर आहे हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, मग दीड हजार कशाला. ते पैसे यूपीएसच्या बॅटरीत घातले. आमच्या यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मेलेली होती, लाइट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद, आणि माझा अंदाज असा की त्या डिस्कची जी हालत झाली त्यात या धाडकन बंद होण्याचाही हात आहे. ८५० रुपये. हा खर्च कोणी अपग्रेडमध्ये धरत नाही, मी तर म्हणेन आधी हाच करा.

घरी येऊन पूर्ण उघडला. सीपीयूच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा चक्क नमदा बसला होता, राखाडी, जाड, चिमटीत धरून सलग उचलता येईल असा. तो काढला, ब्रशने पातं न् पातं साफ केलं. हीटसिंक उचलला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती स्पिरिटने पुसली, नवीन पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली आणि हीटसिंक परत दाबला, त्याच्या चार पिना समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, नाहीतर एक कोपरा वर राहतो. आधी टेंपरेचर ८० च्या वर जायचं, आता ५५-६० ला असतं. पेस्ट १२० ची. आत बोर्डावरचा सीआर २०३२ चा सेल पण बदलला, ३० रुपये, तारीख-वेळ सारखी चुकायची ती त्यानेच.

एसएसडी लावताना एक गोष्ट बघा. आमचा मदरबोर्ड एच ८१ चा आहे, त्यात डिस्क जोडायच्या चार साटा पोर्टपैकी दोनच ६ जीबीपीएसचे, उरलेले दोन निम्म्या स्पीडचे. पोर्टच्या शेजारी बारीक लिहिलेलं असतं, टॉर्च मारून बघितलं आणि एसएसडी ६ वाल्याला जोडली. जास्तीची केबल ६० रुपये. मग दोन्ही डिस्क जोडून एसएसडीच्या कंपनीच्याच क्लोनिंग सॉफ्टवेअरने सगळं जसंच्या तसं उतरवलं, बोर्ड तोच असल्यामुळे विंडोजचं अॅक्टिव्हेशनही राहिलं. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची, नाहीतर दोन सारख्या डिस्क बघून विंडोज कधीकधी गोंधळते.

बटण दाबलं. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं होतं. २४ सेकंद.

बाबा मागे उभे होते, म्हणाले, "अगं, हा आपलाच आहे ना?" आणि खुर्ची ओढून बसले, श्रीलिपी उघडली, कुलवृत्तांताची फाइल उघडली, स्क्रोल करत करत आजोबांच्या पानापर्यंत गेले. काही हललेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं त्या वेळी.

हिशोब: २,९०० + ६०० + ८५० + १२० + ३० + ६०, म्हणजे ४,५६०.

आता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, आमची चौथी. जुगाड करून ११ टाकून देणारे आहेत, पण तशा मशीनला अपडेट मिळत राहतीलच अशी गॅरंटी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून मी नको म्हटलं. सध्या जास्तीच्या सिक्युरिटी अपडेटची स्कीम घेतलीये, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. तोपर्यंत बाबांचा श्रीलिपीतला मजकूर थोडा थोडा करून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, आणायचा. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकता येईल, ८ जीबीत ते छान चालतं. पेनड्राइव्हवरून चालवून बघितलंय, बाबांना दाखवलंय, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. रोज चार पानं कन्व्हर्ट करायचं ठरलंय, जोडाक्षरं तुटतात ती बाबा स्वतः दुरुस्त करतात, र्‍ह आणि ऱ्य वर सगळ्यात जास्त वेळ जातो.

रात्री साडेदहाला बाबा आता कॉम्प्युटर शटडाउन करतात, यूपीएस बंद करतात, वरून आईने शिवलेलं कव्हर घालतात आणि मग झोपायला जातात.