आमची वाटचाल: किट विक्रीपासून फटींच्या दुरुस्तीपर्यंत

सुरुवातीला आम्ही सुटे भाग चिकटवून बांधायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांचे नुसते किट विकायचो. खोकं दिलं की विषय संपला. पण थोड्याच दिवसांत खोकी परत यायला लागली, अर्धवट चिकटवलेल्या विमानांसकट. "पंख बसतच नाही हो!" बदलून देऊन तरी काय उपयोग? त्याच साच्यातला दुसरा पंखही तसाच. मग आम्ही ती विमानं ठेवून घेऊन नीट करून द्यायला लागलो आणि धंद्याची गाडी त्या रुळावर गेली. आज विक्री नावापुरती आहे. खरं काम दुरुस्तीचं आणि ऑर्डरनुसार विमान बांधून देण्याचं.

येणारी बहुतेक प्रकरणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. फट दिसते पंखाच्या मुळाशी, म्हणून गिऱ्हाईक तिथे पुट्टी थापतं. दुखणं मात्र अनेकदा धडाच्या आत असतं. कॉकपिट जरासं रुंद असलं की धडाचे दोन भाग मिटत नाहीत, धड फुगतं, आणि खालून बसणारा पंख पूर्ण वर चढत नाही. वेगळं विकत घेतलेलं रेझिनचं कॉकपिट असेल तर हे ठरलेलंच. अशा वेळी कॉकपिटच्या भिंती बाहेरून घासत जायचं, मधूनमधून गोंदाशिवाय बसवून पाहायचं, टेपने आवळायचं, परत घासायचं. उलट धड अरुंद असेल तर स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मापात कापून आत आडवा ठोकतो, म्हणजे बाजू बाहेर रेटल्या जातात. पंख खाली झुकल्यामुळे पडलेली फट तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मास्किंग टेप ताणली की निम्मी मिटते.

१/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या विमानात, अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर. पायलटने ते ताब्यात घ्यायला सहीच केली नसती!

तरीही उरलेली फट भरावीच लागते. रुंद असेल तर आम्ही स्टायरीन प्लॅस्टिकची पातळ पट्टी पाचरीसारखी सारतो आणि पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद, सोडतो. सिमेंट दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं. नुसती पुट्टी सुकताना आक्रसते आणि रंगाखाली जोडाची रेघ परत डोकं वर काढते. बारीक फटीला सुपरग्लू उत्तम, फक्त त्याच बैठकीत घासून मोकळं व्हावं. दुसऱ्या दिवशी तो प्लॅस्टिकपेक्षा कडक झालेला असतो, मग पॉलिश पेपर शेजारचं प्लॅस्टिकच खातो. कॅनोपीजवळ, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक काचेजवळ, मात्र सुपरग्लू आणायचाच नाही, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. तिथे पांढरा पीव्हीए गोंद.

पूर्वी मजुरी विमानाच्या आकारावरून सांगायचो. आता आधी मुख्य भाग गोंदाशिवाय जोडून पाहतो, मग आकडा सांगतो. शॉर्ट-रन, म्हणजे थोड्याच संख्येत काढलेल्या किटमध्ये जुळवणीच्या खुंट्याच बहुधा नसतात, त्यामुळे त्याच मापाच्या नेहमीच्या किटपेक्षा तिथे मजुरी जास्त पडते. गिऱ्हाईक कुरकुरतं. मग टेपने आवळलेलं धड त्याच्याच हातात देतो आणि पंख लावून बघायला सांगतो. घासाघीस सहसा तिथेच थांबते.