बाईंनी ओळख करून दिलेले जोसेफ मुरुंबी

आमच्या वेळच्या इतिहासाच्या पुस्तकात आफ्रिका खंडाच्या वाट्याला जेमतेम दोन पाने आली होती. नववीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी मात्र तेवढ्यावर भागवले नाही. गोव्याच्या बार्देश तालुक्यातील कितीतरी घरांत नैरोबी-मोंबासाला नोकरी करून परतलेली माणसे होती, आमच्या वर्गातल्या काहींचा तर जन्मच केनियातला. तेव्हा तिथला स्वातंत्र्यलढा तुम्हाला ठाऊक असलाच पाहिजे, असे म्हणून त्यांनी जोसेफ मुरुंबी यांचे चरित्र आम्हाला तपशीलवार सांगितले. पुढे नोकरीनिमित्त नैरोबीत राहण्याचा योग आला, तेव्हा त्या शहरात माझ्या ओळखीचे असे ते एकच नाव होते.

मुरुंबी यांचा जन्म 1911 साली केनियातील एल्डामा रॅव्हीन येथे झाला. वडील पीटर झुझार्ते हे गोमंतकीय व्यापारी, तर आई मसाई जमातीच्या धर्मप्रमुखाची मुलगी. शिक्षण बंगळूर आणि बळ्ळारी येथे झाले. वंश पाहून पगार, वस्ती आणि शाळा ठरवणाऱ्या वसाहतीच्या राजवटीत गोमंतकीय म्हणून राहणे त्यांना सोयीचे ठरले असते. त्यांनी आईकडचे मुरुंबी हे नाव घेतले आणि स्वतःला आफ्रिकन म्हणवले. बाईंनी या निर्णयावर विशेष भर दिला होता, आणि मुरुंबी यांच्या साऱ्या आयुष्याचा पाया तोच होता असे मलाही वाटते.

1952 च्या ऑक्टोबरमध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली. स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेल्यावर केनिया आफ्रिकन युनियन या त्यांच्या पक्षाच्या हंगामी सरचिटणीसपदाची धुरा मुरुंबी यांनी उचलली आणि केन्याटांच्या बचावासाठी वकील मिळवण्याच्या कामी ते झटले. भारतातून दिवाण चमनलाल त्या खटल्यासाठी गेले होते. 1953 साली मुरुंबी यांनी देश सोडला. भारतात येऊन त्यांनी लढ्यासाठी पाठिंबा मागितला आणि नंतर लंडनमध्ये ब्रिटिश खासदार फेनर ब्रॉकवे यांच्यासमवेत वसाहतविरोधी चळवळीत काम केले. मायदेशी परतायला 1962 साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर ते राज्यमंत्री, 1964 पासून परराष्ट्रमंत्री आणि मे 1966 मध्ये ओगिंगा ओडिंगा यांच्या जागी उपराष्ट्राध्यक्ष झाले. काही महिन्यांतच त्यांनी ते पद सोडले. प्रकृतीचे कारण जाहीर झाले. परंतु त्यांचे जिवलग मित्र आणि केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील गोमंतकीय नेते पिओ गामा पिंटो यांची 24 फेब्रुवारी 1965 रोजी नैरोबीत राहत्या घराच्या फाटकाशी गोळ्या घालून हत्या झाली होती, आणि त्या आघातानंतर सत्तेवरून त्यांचे मन उडाले असे अनेक जाणकार मानतात. धारवाडला शिकलेले आणि मुंबईत गोवा मुक्तीच्या कार्यात सहभागी झालेले पिंटो आपल्याकडे थोडेफार तरी माहीत आहेत, मुरुंबी तेवढेही नाहीत, याचे मला वाईट वाटते.

मंत्रिपदापेक्षाही त्यांचे मोठे कार्य मला नैरोबीच्या मोई अव्हेन्यूवरील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळाले. तळमजल्यावरील मुरुंबी दालनात आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतील मुखवटे, विणलेली वस्त्रे, दागिने, शस्त्रे आणि त्यांनी हौसेने जमवलेली टपाल तिकिटे मांडलेली आहेत. एका काचेच्या पेटीतील मण्यांचे दागिने पाहत मी बराच वेळ उभा होतो. एका माणसाने एवढे सारे जमवले यावर विश्वास बसत नव्हता. त्यांच्या ग्रंथसंग्रहात 1900 पूर्वी छापलेली हजारो पुस्तके आहेत. इंग्रजांनी जाताना वसाहतीच्या कारभारातील कितीतरी कागद जाळले आणि कितीतरी सोबत नेले. नेलेल्या फायली आपल्याकडे असल्याची कबुली ब्रिटिश सरकारने दिली ती थेट 2011 मध्ये. अशा देशात स्वतःच्या हौसेने आणि पैशाने कागद, पुस्तके व वस्तू जपणाऱ्या माणसाचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. परदेशातून मोठ्या किमतीचे प्रस्ताव येत असतानाही त्यांनी हा संग्रह देशातच ठेवला आणि 1976 च्या सुमारास मुथैगा येथील आपल्या घरासह सरकारच्या स्वाधीन केला. त्या घरात आफ्रिकाविषयक अभ्यासाची संस्था उभी राहावी, ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही आणि पुढे ते घरही पाडण्यात आले. 1990 साली मुरुंबी निवर्तले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये पिंटो यांच्या समाधीजवळच त्यांचे स्मारक आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयाला मी केनियाच्या इतिहासावरील काही पुस्तके पाठवत आहे. शाळेची जुनी हजेरीपत्रके, हस्तलिखित अंक आणि आफ्रिकेत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची पत्रे एका कपाटात नीट लावून ठेवण्याचे काम शाळेने याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी व्यवस्थापनाला विनंती आहे. त्याचा खर्च उचलण्याची माझी तयारी आहे.