खजिनदारपदासाठी उभं राहताना: आधी तक्ता, मग पोस्टर

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांच्या फीच्या बिलात ‘स्टुडंट अ‍ॅक्टिव्हिटी फी’ किंवा तशाच नावाची एक ओळ असते. विस्कॉन्सिनमध्ये तिला सेग्रिगेटेड फी म्हणतात. या पैशांतला काही भाग विद्यार्थ्यांचं स्टुडंट गव्हर्नमेंट क्लबांना वाटतं. कॅम्पसवरच्या भारतीय मंडळाची दिवाळीही बरेचदा त्यातूनच होते. त्या वाटपाच्या हिशेबाची जबाबदारी स्टुडंट गव्हर्नमेंटच्या खजिनदाराची. आर्थिक पारदर्शकतेच्या मुद्द्यावर या पदासाठी उभं राहायचं मनात असलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

‘पारदर्शकता आणू’ हे प्रत्येक उमेदवार म्हणतो, आणि ते पाळलं की नाही हे कुणालाच तपासता येत नाही. ‘दर महिन्याच्या १० तारखेला या नमुन्यातला तक्ता सगळ्यांसाठी खुला करीन’ हे मात्र तपासता येतं. म्हणून पोस्टर छापण्याआधी नमुन्याचा तक्ता तयार हवा. गेल्या वर्षीचे खरे आकडे घालूनच तो करा, म्हणजे काम किती वेळ खातं तेही कळेल.

तक्त्यात प्रत्येक क्लबसमोर चार रकाने पुरतात: मंजूर, बांधील (शब्द दिला आहे, पण बिल अजून यायचं आहे), खर्च, शिल्लक. सगळा घोळ दुसऱ्या रकान्यात असतो. समजा एका क्लबला २,००० डॉलर मंजूर झाले, ६०० खर्च झाले आणि हॉलचं ९०० डॉलरचं बुकिंग होऊन बिल यायचं आहे. बांधील रक्कम दाखवली नाही तर शिल्लक १,४०० दिसते, प्रत्यक्षात ती ५०० असते. क्लब १,४०० धरून पुढचा कार्यक्रम ठरवतो, आणि एप्रिलमध्ये बिल आलं की भांडण खजिनदाराच्या दारात येतं. विद्यापीठाच्या लेखा विभागाच्या नोंदी बरेचदा काही आठवडे मागे असतात, त्यामुळे नुसती त्यांची प्रत काढून लावणं पुरेसं नाही. बुकिंग आणि खरेदीच्या मंजुऱ्यांची नोंद स्वतः ठेवावी लागते आणि महिन्यातून एकदा लेखा विभागाच्या नोंदींशी ताळा घालावा लागतो. फरक निघाला तर तो लपवू नका, तक्त्याखाली कारणासह लिहा.

आकडे मिळवायचे कुठून? आधी स्टुडंट गव्हर्नमेंटचे बायलॉज म्हणजे लेखी नियम वाचा, मग सभांची इतिवृत्तं आणि गेल्या ३ वर्षांची अंदाजपत्रकं मागा. सरकारी विद्यापीठात नुसतं मागून मिळालं नाही तर त्या राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली लेखी अर्ज करता येतो. खासगी विद्यापीठाला तो कायदा सहसा लागू नसतो, तिथे बायलॉजच कामाला येतात. मंजूर आणि खर्च यांत तफावत दिसली की लगेच ‘घोटाळा’ म्हणू नका. आर्थिक वर्ष बरेचदा ३० जूनला संपतं, एप्रिलच्या कार्यक्रमाचं बिल उशिरा येऊन पुढच्या वर्षात चढतं. एवढ्यानंही मोठा फरक दिसतो, आणि खोटा आरोप केला की पुढे त्याच कर्मचाऱ्यांकडून काम करून घेणं अवघड होतं.

विद्यार्थ्यांचे पैसे अडकतात ते मात्र रीइम्बर्समेंटमध्ये, म्हणजे खिशातून केलेला खर्च परत मिळवताना. नुसती एकूण रक्कम असलेली कार्डची चिठ्ठी चालत नाही, वस्तूंची यादी असलेली पावती लागते. अनेक विद्यापीठांना विक्रीकर माफ असतो, त्यामुळे स्वतःच्या खिशातून भरलेला कर परत मिळत नाही. वक्त्याशी किंवा केटररशी झालेल्या करारावर विद्यार्थ्यानं परस्पर सही केली तर बिल रखडतं. हे सगळं एका पानावर लिहून वाटणं हीसुद्धा पारदर्शकताच.

वाटपाचे निकष लेखी असणं याला कायद्याचं बळ आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९९५-९६ मध्ये ही फी वर्षाला ३३१.५० डॉलर होती. न पटणाऱ्या संघटनांना आपले पैसे का जावेत, म्हणून काही विद्यार्थी कोर्टात गेले. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारी विद्यापीठ अशी सक्तीची फी घेऊ शकतं, पण संघटनेची मतं पाहून वाटपात डावं-उजवं करता येणार नाही. म्हणून एखाद्या क्लबच्या मागणीतून रक्कम कापली, तर कोणत्या नियमाखाली कापली हे त्या नोंदीसमोरच लिहा. ‘समितीला योग्य वाटलं नाही’ हे कारण टिकणारं नाही.

मात्र सगळंच उघडं करायचं नसतं. तारीख, क्लब, विक्रेता, कारण आणि रक्कम जाहीर करा. पैसे परत मिळालेल्या विद्यार्थ्याचं नाव, आयडी क्रमांक, पत्ता, खात्याचा तपशील झाका. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा आहेच, आणि तो नसता तरी हे करायलाच हवं होतं.

स्वतःचा प्रचारखर्चही त्याच नमुन्यात मांडा. भारतातल्या विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीनं घातलेली ५,००० रुपयांची मर्यादा आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब देण्याचा नियम अनेकांना माहीत असेल. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाची निवडणूक नियमावली वेगळी असते. मित्रानं फुकट छापून दिलेली पत्रकं बाजारभावानं खर्चात धरायची का, हे आधी निवडणूक समितीला ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल आणि पदाला मानधन असेल तर अर्ज भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. हे मानधन त्यात धरलं जातं का, ते तिथूनच लेखी घ्या. टीए किंवा आरए (अध्यापन किंवा संशोधन सहाय्यक) असाल तर हे तास आधीच भरलेले असू शकतात.

आणि तक्ता स्वतःच्या खासगी जीमेलवर ठेवू नका. पदाच्या नावाचं खातं मागून घ्या, कारण खजिनदार मेमध्ये पदवी घेऊन जातो आणि वर्षअखेरीचा ताळा जुलैमध्ये दुसऱ्याच कुणाला तरी घालावा लागतो.