स्टेपनीच्या भरवशावर

स्कूटर ही मुळात लांब जायची वस्तूच नव्हे. दळण, भाजी, पोरांची शाळा, फार तर सासुरवाडी. तरी काही माणसं हिच्यावर बसून भलतीकडेच निघतात. जॉर्जिओ बेत्तिनेल्ली नावाचा इटालियन १९९२ मध्ये रोमहून व्हेस्पावर निघाला आणि पुढच्या वर्षी थेट व्हिएतनाममधल्या सायगावला पोहोचला. अंतर सुमारे २४,००० किलोमीटर. एवढ्यानं भागेना, मग अलास्काहून दक्षिण अमेरिकेचं टोक, मग मेलबर्नहून केपटाऊन. त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, स्पेनचे दोन विद्यार्थी व्हेस्पावरून ७९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते. त्यांची स्कूटर तर साल्वादोर दालीनं रंगवलेली!

आमच्या इंदूरच्या मराठी घरांतही या पंथाचा एखादा काका निघतोच. आमचे काका भाऊबिजेला नाशिकला बहिणीकडे जायचे ते स्कूटरनंच. बस होती, खंडव्याहून रेल्वे होती, पण नाही. काकू म्हणायच्या, "यांचा काय नेम? सराफ्यात जाऊन येतो म्हणतील अन् निघतील नाशिकला!"

ए. बी. रोडनं, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यानं, महू, मानपूरचा घाट, खलघाटच्या पुलावरून नर्मदेत एक नाणं, मग जुलवानिया, सेंधवा. पुढे बिजासनच्या घाटात देवीपाशी थांबायचंच. भक्ती किती आणि इंजिन थंड करण्याची निकड किती, हे देवीलाच ठाऊक.

लोकांना वाटतं, असा माणूस मोठा धाडसी. मला तो पक्का संसारी वाटतो. मोटरसायकलवाला वेगाच्या गोष्टी सांगतो, स्कूटरवाला सामानाच्या. जादा प्लग, क्लचची वायर, पाना, प्लग घासायला पॉलिश पेपर, टू-टी ऑइलची बाटली. इंजिन उजव्या अंगाला, म्हणून गाडी तिकडे जड. तेव्हा जड ते सगळं काका डाव्या डिकीत कोंबत. आतेभावांसाठीची लसणी शेवही त्यातच, आणि नाशिकला ती ऑइलचा किंचित वास घेऊनच उतरायची. कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

पण या सगळ्या प्रवासाचा खरा आधार म्हणजे स्टेपनी. व्हेस्पाचा आराखडा करणारा कोर्रादिनो दास्कानियो विमानांचा इंजिनिअर. मोटरसायकल त्याला मुळीच आवडायची नाही: साखळीचं तेल कपड्यांना लागतं, आणि पंक्चर झालं की चाक काढताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून १९४६ च्या त्या गाडीचं पुढचं चाक त्यानं विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. नट सोडवा, चाक बाहेर, दुसरं आत. तीच स्टेपनी पुढेही चालते, मागेही. धोतर-सदऱ्यातल्या माणसालाही जमावं असं काम. मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसाच्या हातून लांब पल्ल्याची गाडी घडावी, याची मला गंमत वाटते. साहस वगैरे त्याच्या मनातही नसेल, त्याला फक्त कपडे खराब व्हायला नको होते.

परवा माझ्या भाच्यानं बिनआवाजाची नवी इलेक्ट्रिक स्कूटर आणली. काकांनी चष्मा सावरत तिला पुढून, मागून, खाली वाकून पाहिलं. मग विचारलं, "स्टेपनी कुठंय?"

"नसते, आजोबा. टायर ट्यूबलेस आहेत. शिवाय रस्त्यात काही झालं तर फोन करायचा, माणूस येतो."

"अस्सं," काका म्हणाले, "मग ही देवासपर्यंत ठीक आहे."