तज्ज्ञांना बोलतं करताना

नेतृत्व, नवं तंत्रज्ञान आणि कामाचं भविष्य या विषयावर जाणकारांच्या मुलाखती घ्यायच्या, असं आमच्या मंडळात ठरलं तेव्हा समितीतल्या ज्येष्ठांची पहिली सूचना होती की मोठं नाव आणा, हॉल आपोआप भरेल. बडोद्यात मराठी श्रोता मिळायची तशी अडचण नाही. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, मांजलपूर, कुठून कुठून लोक जेवण पुढे ढकलून येतात. पण हाच श्रोता जिना उतरता उतरता ‘आजचा पाहुणा मोघम बोलला बुवा’ असं सांगून मोकळाही होतो. आणि या विषयाइतकं मोघम बोलणं दुसऱ्या कुठल्याच विषयावर सोपं नाही.

मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघते. एआयवरची भाषणं ऐकणं हा आता नोकरीचाच भाग झालाय. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत १७ कोटी नवी कामं तयार होतील आणि ९ कोटी २० लाख जातील, असा अंदाज आहे. हा आकडा पडद्यावर आला की सगळे मान डोलावतात. आमच्या सीएनसी मशिनवरच्या मुलाला मात्र आपण १७ कोटींत की ९ कोटींत, एवढंच हवं असतं आणि तेवढंच कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यांचंही काय झालं ते आपण पाहिलंय. जेफ्री हिंटन म्हणजे या क्षेत्रातलं मानाचं नाव, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं. ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. एमआरआयचा रिपोर्ट अजूनही रेडिऑलॉजिस्टच्याच सहीनं हातात पडतो.

म्हणून मी एक अट घातली. पाहुण्यांना भविष्य विचारायचं नाही. त्यांनी स्वतः काय पाहिलं, काय ठरवलं आणि ते कुणाला भोवलं, एवढंच विचारायचं. ‘मग कार्यक्रमाच्या नावात भविष्य कशाला?’ असा प्रश्न आला. ‘लोक यावेत म्हणून,’ असं आमच्या खजिनदारांनी परस्पर उत्तर दिलं आणि ठराव पास झाला.

नावं सुचवणं सोपं, माणूस मिळवणं कठीण. मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांना फोन केला की सेक्रेटरी प्रोफाइल पाठवते आणि ‘प्रश्न आधी पाठवा’ म्हणते. प्रश्न आधी पाठवले की उत्तरं इस्त्री करून येतात. मी विषय पाठवायचे, प्रश्न नाही. त्यावर काहींनी नकार दिला, तो मी आनंदानं स्वीकारला. स्लाइड्सनाही मनाई केली. याचा राग फार लोकांना आला. स्लाइड नसली की माणसाला आठवावं लागतं, आणि मला तर तेच हवं होतं.

कार्यक्रमाआधी प्रत्येकाशी फोनवर निवांत बोलायचं, हा सगळ्यात कामाचा टप्पा निघाला. त्या बोलण्यात मी फक्त कान देऊन ऐकायचे, कुठे माणूस पटकन पुढे सरकतोय आणि कुठे रेंगाळतोय. ‘टीमला विश्वासात घेतलं’ असं वाक्य आलं की खूण करून ठेवायची. विश्वासात घेतलं म्हणजे कुठल्या खोलीत, कुणाला, काय सांगितलं? हा प्रश्न स्टेजवर विचारायचा, फोनवर नाही. फोनवर विचारला की गोष्ट तिथेच सांगून होते आणि स्टेजवर तिचा फोडणीचा भात येतो.

पहिले पाहुणे कुणाच्याच यादीत नव्हते. एका पेट्रोकेमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेले, निवृत्त शिफ्ट इनचार्ज. आमच्याच सोसायटीतले काका. कोयलीची रिफायनरी १९६५ ची, पाठोपाठ खतं आणि पेट्रोकेमिकल्सचे कारखाने, त्यामुळे बडोद्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. पण त्यांना तज्ज्ञ म्हणायचं कुणाला सुचत नाही. काकांनाही सुचलं नव्हतं. ‘अगं, मला एआयमधलं काय कळतंय? मी आपला पॅनलवरचा माणूस.’ म्हटलं, काका, पॅनलचंच सांगा.

त्यांनी निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेननं एक लांबलचक भिंत काढली. भिंतीवर ओळीनं रेकॉर्डर, प्रत्येकात कागदाची पट्टी आणि शाईचं पेन. वर चौकोनी खिडक्यांची रांग. गडबड झाली की त्यातली एक खिडकी लुकलुकायची आणि बेल वाजायची. प्लांटमधून येणारा निरोप विजेचा नसून हवेच्या दाबाचा होता, ३ ते १५ पीएसआय. खोलीभर बारीक फुसफुस चालायची आणि काका म्हणाले की तिचा सूर बदलला तरी मान वर व्हायची. मग डीसीएस, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्लांट चालवायची यंत्रणा, आली. भिंत गेली, स्क्रीन आले. शाई भरायचं काम संपलं, आकडे नेमके दिसायला लागले, जुना ट्रेंड हवा तेव्हा बघता येऊ लागला. फायद्यांबद्दल काकांची काही तक्रार नव्हती.

‘पण बघ,’ ते म्हणाले, ‘भिंतीसमोर उभं राहिलं की अख्खा प्लांट एका नजरेत यायचा. स्क्रीनवर एका वेळी एकच पान.’ दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. भिंतीवर नवी अलार्मची खिडकी बसवायची तर वायर ओढायला लागायची, खर्च व्हायचा, म्हणून चर्चा व्हायची की खरंच हवी का. डीसीएसमध्ये अलार्म टाकायला काहीच पडत नाही. मग प्रत्येक इंजिनिअर आपापला एक टाकत गेला. काकांचं वाक्य जसंच्या तसं देते: ‘अलार्म वाजवणं फुकट झालं, ऐकणारा माणूस तेवढाच राहिला.’

याचं टोक कुठे जातं तेही त्यांना पाठ होतं. जुलै १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याच्या आधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या ईईएमयूए या अभियांत्रिकी संस्थेनं अलार्मबद्दल मार्गदर्शिका काढली. साधारण दहा मिनिटांना एक अलार्म, एवढंच एका ऑपरेटरला नीट पेलतं, असं तिचं म्हणणं. हॉलमध्ये हा आकडा आला आणि पुढच्या रांगेतल्या एका बँकवाल्यांनी नकळत आपला मोबाइल उलटा ठेवला.

लिझॅन बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे मांडून ठेवलंय की यंत्र सोपं काम स्वतःकडे घेतं आणि कठीण प्रसंग माणसावर सोडतं, आणि तोवर त्या माणसाचा सराव मात्र सुटलेला असतो. आज चॅटबॉटकडून ईमेल लिहून घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. काकांनी त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या प्लांटवर मात्र एका वरिष्ठांनी जुनं पॅनल लगेच काढू दिलं नाही. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवलं आणि स्वतः रात्रपाळीला येऊन बसले. मुख्य कार्यालयातून खर्चाबद्दल विचारणा झाली, तीही त्यांनी अंगावर घेतली. नेतृत्वावर मी बरीच वर्कशॉप केली आहेत. रात्रपाळीला येऊन बसण्याचा मुद्दा एकातही नव्हता.

दुसऱ्या पाहुण्या राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजर ताई. १९०८ मध्ये सयाजीरावांनी याच शहरात बँक ऑफ बडोदा काढली, त्यामुळे इथं बँकेचा विषय निघाला की निम्मा हॉल नातेवाइकांचाच असतो. ताईंनी कॉम्प्युटर येण्याचा काळ सांगितला. १९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, १९८४ मध्ये बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दल रंगराजन समितीचा अहवाल आला, मग शाखांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशिनं आली. यंत्र किती आणि कुठं येणार, यावर युनियन टेबलापलीकडे बसून बोलत होती. आज एखादं एआय टूल ऑफिसात येतं ते सोमवारी सकाळच्या मेलनं येतं, एवढीच तुलना ताईंनी केली आणि पुढे गेल्या.

मी त्यांना विचारलं, मशिनवर पहिल्यांदा कुणाला बसवलं? मला वाटलं, तरुण मुलं म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘आमच्या साहेबांनी लेजरची बेरीज तोंडी करणारे दोघं बसवले. पन्नाशीचे. सगळे हसले. पण मशिननं चुकीचा बॅलन्स दिला तर तो चुकीचा आहे हे त्यांनाच कळणार होतं ना.’ त्या दोघांपैकी एकांनी पुढे २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत बँक सोडली. त्या योजनेत सरकारी बँकांमधून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. ताई म्हणाल्या, त्यानंतर शाखेत बेरीज चुकली की सगळे एकमेकांकडे बघायचे.

तिसरी पाहुणी वयानं लहान, इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीतून इंजिनिअर झालेली, आता पुण्यात मशिन लर्निंगचं काम करते. व्हिडिओवरून बोलली. सुरुवात अपेक्षेप्रमाणेच झाली: ‘एआय तुमची नोकरी घेणार नाही, एआय वापरणारा घेईल.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याला बसायला खुर्ची द्यावीशी वाटते. विचारलं, काल दिवसभर काय केलंस? ती थांबली, हसली. म्हणाली, ‘ताई, खरं सांगू? काल दिवसभर तक्रारींची पत्रं वाचली.’

मग मात्र ती खुलली. ग्राहकांच्या तक्रारी वाचून त्यांचं वर्गीकरण करणारं मॉडेल तिची टीम बनवतेय. असं मॉडेल पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत वाक्य पुरं करतं, म्हणून चुकलं तरी ठसक्यात चुकतं. ते तपासायला माणसांनी ठरवलेल्या बरोबर उत्तरांचा एक संच लागतो, आणि नवी आवृत्ती आली की तिची त्या संचावर परीक्षा होते. घोडं तिथेच अडलं. ‘ही तक्रार तातडीची की साधी’ यावर कंपनीतल्या दोन अनुभवी लोकांची उत्तरं जुळेनात. दोघं वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसून वेगवेगळ्या नियमांनी काम करत होते आणि कुणालाच पत्ता नव्हता. यंत्राला शिकवायची वेळ आली तेव्हा कळलं की नियमच नाही. तो ठरवायला वरिष्ठांपैकी कुणी पुढे येईना, कारण ठरवला की जबाबदारी आली. तिच्या मते प्रोजेक्ट रखडले ते कोडपेक्षा या कारणानं. नेतृत्वाचा मुद्दा मी विचारायच्या आधीच तिनं स्वतःहून मांडला होता.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न दर वेळी हमखास येतो: मुलांनी काय शिकावं? पाहुण्यांच्या आधी श्रोत्यांतलेच एक आजोबा उठले आणि त्यांनी कलाभवनाचा, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेचा, विषय काढला. बडोद्यात कलाभवनाचा अभिमान जरा जास्तच होतो, आणि कार्यक्रम लांबतो. पण आजोबांचा मुद्दा बिनतोड होता. सयाजीरावांनी १८९० मध्ये रसायनतज्ज्ञ गज्जर सरांच्या हाती ते सोपवलं. रंगाई, विणकाम, यंत्रकाम असे हाताचे विषय तिथे शिकवत. दादासाहेब फाळके त्याच सुमाराला तिथे आले, फोटोग्राफीत हात बसवला. ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये चित्रपटाचा पहिला जाहीर खेळ दाखवला १८९५ मध्ये. म्हणजे फाळके शिकत होते तेव्हा पुढे ज्यात नाव कमावणार तो धंदाच जन्माला आलेला नव्हता. आजोबा खाली बसले आणि पुण्याच्या मुलीनं स्क्रीनवरून टाळ्या वाजवल्या.

मुलाखती कागदावर उतरवायचं काम आम्ही सॉफ्टवेअरवर सोपवून पाहिलं. बडोदेकर एका वाक्यात मराठी, गुजराती, हिंदी आणि कारखान्याची इंग्रजी वापरतो, तिथे त्या बिचाऱ्याची तारांबळ उडाली. काकांच्या ‘सेटपॉइंट’चा ‘शेठ पॉइंट’ झाला. तरी कच्चा मसुदा हाती आला, तेवढा वेळ वाचला. दुरुस्ती करायला मात्र प्लांटमध्ये काम केलेलाच माणूस लागला. मसुदा प्रत्येक पाहुण्याला वाचायला दिला आणि त्यांनी गाळा म्हटलेलं मुकाट्यानं गाळलं. काकांनी कंपनीचं नाव काढायला लावलं, ताईंनी साहेबांचं.

खर्च फारसा झाला नाही. पाहुण्यांनी मानधन घेतलं नाही, शेवटी सेव-उसळ झाली आणि तिथे, प्लेट हातात असताना, स्टेजवर न आलेल्या बऱ्याच गोष्टी निघाल्या. आता मी सेव-उसळीच्या वेळीही वही जवळ ठेवते.

पुढच्या वेळी आयटीआयमध्ये शिकवणारे एक सर यायला तयार आहेत, पण ते हॉलमध्ये बोलणार नाहीत. वर्कशॉपमध्ये लेथजवळ उभं राहून बोलणार, शनिवारी दुपारी, आणि पंधरा-वीस माणसांपेक्षा जास्त नकोत. कंत्राटी मुलांना नव्या मशिनवर कोण शिकवतं आणि त्याचे पैसे कोण देतं, याबद्दल त्यांना बरंच सांगायचंय. समितीनं होकार दिलाय. सध्या वाद चाललाय तो खुर्च्या न्यायच्या की नाही यावर, आणि दीड तास उभं राहायचं तर ज्येष्ठांनी काय करायचं, हा त्यातला मुद्दा रास्त आहे.