अलास्का हायवे आणि मागे ओढलेलं घर

"तिकडे हॉटेलं नाहीत का?" गाडीमागे घराचा ट्रेलर जोडून निघालो की आई फोनवर हमखास विचारते. आहेत की. पण अलास्का हायवेवर कॅनडातलं फोर्ट नेल्सन सोडलं की ‘गाव’ म्हणजे बहुतेक वेळा एक पंप, एक मोटेल आणि मागे डोंगर. पंपावर भाव बघायचा नसतो, टाकी अर्धी झाली की भरायची. त्यापेक्षा आपला पलंग, शेगडी आणि प्रोपेनची टाकी मागे बांधलेली बरी.

कॅनडातल्याच डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत हा रस्ता साधारण 2,200 किलोमीटर. वाटेत मंचो लेकचं हिरवंनिळं पाणी आहे, लिअर्डचे गरम पाण्याचे झरे आहेत, रस्त्याच्या कडेला आरामात चरणारे बायसन आहेत. फोटो पाहिलेच असतील तुम्ही.

मला सांगायचंय ते युकॉनमधल्या क्लुआनी तलावापासून बीव्हर क्रीकपर्यंतच्या पट्ट्याबद्दल. डांबर आहे, पण सरळ नाही. इथली जमीन खाली बारमाही गोठलेली, आणि वरचं शेवाळ तिचं पांघरूण. 1942 साली, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, अमेरिकन लष्कराने मार्च ते नोव्हेंबर एवढ्यात हा रस्ता काढला. बुलडोझरने ते पांघरूण खरवडलं, खालचा बर्फ वितळला आणि यंत्रं चिखलात रुतली. मग ओंडके आडवे टाकून वर भराव घातला. राबणाऱ्या सैनिकांत सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, वेगळ्या रेजिमेंटमध्ये ठेवलेले. त्यांचं नाव बरीच वर्षं कुणी घेतलं नाही, याचा मला रस्त्यापेक्षा जास्त राग येतो.

बर्फ आजही वितळतोच आहे. काळं डांबर ऊन पितं, जमीन कुठे खचते, कुठे फुगते. दुरुस्तीवाले अशा जागी छोटी झेंडी रोवतात. ती दिसली की नवरा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. ट्रेलर ओढणारी आमची गाडी डुलत पुढे जाते. मग क्षणभराने ट्रेलर तीच लाट घेतो, आणि सगळ्यात जास्त उसळतं ते चाकांच्या मागचं टोक. आमचं स्वयंपाकघर नेमकं तिथेच! संध्याकाळी दार उघडलं तर मिसळणाचा डबा कपाटातच उताणा, मोहरी थेट सिंकच्या जाळीत आणि उशीच्या अभ्र्यावर हळदीचा पंजा. कपाटाचा खटका मात्र बंदच होता. डबा उडून परत आपल्या जागी कसा बसला, देव जाणे.

तेव्हापासून मसाले पलंगाखाली, चाकांच्या बरोबर वर. तिथे हिसका कमी बसतो. तेलाची बाटली बादलीत, बादली पट्ट्याने बांधलेली.

धाकटा दीर विचारतोय, जुलैत येऊ का. ये बाबा, रात्री अकरालाही उजेड असतो. फक्त येताना फिरकीच्या झाकणाचे चार स्टीलचे डबे आण, इथे मिळतात ते नुसते दाबून बसवायचे.