कुलूप माझ्या फोनला, किल्ली पत्नीकडे

मी डिचोलीत राहतो आणि एका खाजगी कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. तरुणपणी मी कधीमधी मटक्याचा आकडा लावत असे; पण त्यासाठी बाजारापर्यंत चालत जावे लागे, खिशात रोख पैसे लागत आणि ओळखीचे कोणी पाहील याची धास्ती असे. मांडवीतल्या कॅसिनोंत तर २०२० च्या १ फेब्रुवारीपासून आम्हां गोमंतकीयांना खेळायला प्रवेशच नाही. फोनवरच्या रमीला यातले काहीच आड येत नव्हते. त्याच वर्षी टाळेबंदीत मी ती खेळू लागलो आणि पाच वर्षांत पतसंस्थेचे कर्ज, त्यावर ॲपवरून घेतलेली दोन कर्जे आणि शेवटी पत्नीच्या पाटल्या गहाण, इथपर्यंत पोहोचलो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि रमीची मोठी ॲप बंद पडली, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर एका अनोळखी क्रमांकावरून क्रिकेटच्या सट्ट्याची ‘आयडी’, म्हणजे सट्टा लावण्याचे खाते, देऊ करणारा संदेश आला आणि मी ती घेतली. ज्या रात्री पत्नीला पाटल्यांचे कळले, त्या रात्री तिनेच १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, क्रमांक लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्या समुपदेशकाशी मराठीत बोलता आले. हा निव्वळ स्वभावदोष नसून व्यसनाचाच आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे मी प्रथमच कोणाच्या तरी तोंडून ऐकले. त्यांच्या सांगण्यावरून मी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, म्हणजे आयपीएचबीत गेलो. शेजाऱ्यांना मात्र गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, रक्त तपासायला चाललो आहे असे सांगितले.

तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या: फोनवर जुगाराची वाट अडवायची आणि इच्छा उफाळली की लगेच तिची नोंद करायची. वाट अडवण्यासाठी मी ‘बेटब्लॉकर’ हे मोफत ॲप निवडले. ते जुगाराची संकेतस्थळे उघडू देत नाही. मुदत आपणच ठरवायची, चोवीस तासांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि एकदा ठरवली की ती मध्येच मोडता येत नाही. मी पहिल्यांदा चोवीस तासच निवडले आणि दुसऱ्या रात्री घड्याळाकडे बघत बसलो. नंतर महिन्याची मुदत घातली, तेव्हा कपाटातला जुना फोन काढून त्यावर खेळलो. दोष ॲपचा नव्हता. कुलूप मीच लावत होतो आणि दुसरे दार कुठे आहे हेही मलाच ठाऊक होते.

तिसऱ्या वेळी पत्नी शेजारी बसली. मुदत एक वर्षाची घातली. जुना फोन तिने तिच्या भावाकडे सत्तरीला पाठवून दिला. संदेशातून आलेल्या फाइलवरून ॲप बसवण्याची परवानगी बंद केली, कारण सट्टेवाले प्ले स्टोअरच्या बाहेरूनच ॲप पाठवतात. सर्वांत अधिक उपयोग मात्र पैशांची वाट बदलल्याचा झाला. माझे बँक खाते मी सगळ्या यूपीआय ॲपमधून काढले आणि ‘यूपीआय सर्कल’मध्ये तिने मला आपल्या खात्याशी जोडून घेतले. त्यात दोन पर्याय असतात: एकात महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजारांची मर्यादा आधीच ठरवून देता येते, दुसऱ्यात प्रत्येक वेळी मुख्य खातेदाराने संमती दिल्याशिवाय पैसे जात नाहीत. आम्ही दुसरा घेतला. चहाच्या वीस रुपयांसाठीही तिच्या फोनवर विचारणा जाते. पहिले काही दिवस हे मला अपमानास्पद वाटले, हे मी लपवत नाही. पण ती एकदाही का म्हणून विचारत नाही, फक्त संमती देते.

नोंदींसाठी मी फोनमधली साधी वही वापरली: वेळ, जागा, आधी काय घडले, इच्छा शून्य ते दहापैकी किती, आणि मग मी काय केले. माझी समजूत होती की क्रिकेटचा सामना सुरू झाला की मला राहवत नाही. सहा आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांसमोर ठेवल्या तेव्हा वेगळेच दिसले. आठच्या वरचे जवळजवळ सगळे आकडे कर्जाचा हप्ता कापल्याचा संदेश आल्यानंतरचे होते, बहुतेक रात्री साडेदहाच्या पुढचे, घरातले सगळे झोपल्यावरचे. खेळाच्या आनंदासाठी मी कधीच खेळत नव्हतो. गेलेले पैसे एका रात्रीत परत आणायचे, एवढेच मनात असे. हे मला कोणी सांगून पटले नसते, माझ्याच अक्षरांत दिसले म्हणून पटले. दुसरे हे कळले की नवावर गेलेली इच्छा अर्ध्या तासाने पुन्हा मोजली तर बहुधा चारावर आलेली असते. तेवढा अर्धा तास काढण्यासाठी मी अंगणात उतरतो, तुळशीपाशी बसतो, कधी दादाला फोन करतो. तो उशीर झाला तरी उचलतो.

मध्ये एकदा घसरलो. पगाराच्या दिवशी सहकाऱ्याच्या फोनवरून पाचशे रुपये लावले आणि घालवले. ते त्याच रात्री वहीत लिहिले आणि पत्नीला दाखवले. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जाऊन हप्ता कापल्याचा संदेश तिच्या क्रमांकावर जाईल अशी व्यवस्था केली. त्यानंतरच्या महिन्यात आठच्या वरची एकच नोंद आहे. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. बांबोळीला पुढची तारीख घेतली आहे आणि या वेळी शेजाऱ्यांना कुठे जातो ते खरे सांगितले.